गळ्यातल्या पट्ट्याचे आकडे कसे वाचायचे: दुधाळ गायीचा माज, रवंथ आणि आजार

संकरित गाय माजावर आली की दिवसभर हंबरेल, दुसऱ्या गायींवर उडेल आणि आपल्याला आपोआप कळेल, हा भरवसा जास्त दुधाच्या गायींच्या बाबतीत आता ठेवता येत नाही. दिवसाला २०-२५ लिटर देणाऱ्या होल्स्टिन संकरित गायीचा उघड माज पुष्कळदा आठ-दहा तासांत संपतो. तो रात्री किंवा भल्या पहाटे सुरू झाला असेल, तर सकाळची धार उरकेपर्यंत खुणा ओसरायला लागलेल्या असतात. एक माज हुकला की पुढचा सुमारे २१ दिवसांनी. उशिरा गाभण राहिलेली गाय तेवढे दिवस कमी दुधावर किंवा भाकड उभी राहते. चारा, खुराक आणि मजुरी मिळून तिचा रोजचा खर्च २५० रुपये धरला, तर एका हुकलेल्या माजाचे ५,२५० रुपये होतात. रेतमात्रेचा (कृत्रिम रेतनाच्या वीर्याचा) खर्च त्यापुढे किरकोळ आहे.

महाराष्ट्रात मुक्त संचार गोठे वाढले तसे गायीची हालचाल आणि रवंथ मोजणारे गळ्यातले पट्टे आणि कानातले टॅगही आले. मोबाइलवर सूचना येऊ लागतात, पण सूचना आल्यावर कोणी, किती वेळात, काय बघायचं हे बहुतेक गोठ्यांत ठरलेलं नसतं. महिन्याभरात माणूस त्या सूचनांकडे बघेनासा होतो आणि पैसे वाया जातात. म्हणून पुढचा सगळा भर आकडा हातात आल्यानंतरच्या कामावर आहे.

यंत्र नेमकं काय मोजतं

पट्ट्याच्या डबीत तिन्ही दिशांची हालचाल टिपणारा ॲक्सेलरोमीटर असतो. मोबाइल आडवा धरला की पडदा फिरवणारा घटक हाच. चारा ओढताना, रवंथ करताना आणि नुसतं उभं असताना मानेच्या हालचालीचा ठेका वेगवेगळा पडतो. रवंथीत जबडा मिनिटाला साधारण ५० ते ७० वेळा एका लयीत हलतो, घास गिळला की काही सेकंद थांबतो, नवा घास वर आला की पुन्हा तीच लय. ही लय ओळखून यंत्र दिवसाची रवंथीची मिनिटं काढतं. ताप, माज, कितनबाधा (रक्तात कीटोन वाढण्याचा आजार, कीटोसिस) यांतलं काहीही ते थेट मोजत नाही. गायीच्या वागण्यातला बदल मोजतं आणि त्यावरून अंदाज बांधतं. हे पक्कं डोक्यात असलं की चुकीच्या सूचनेने माणूस चिडत नाही आणि बरोबर सूचनेवर डोळे झाकून रेतनही करत नाही.

उपकरणं चार तऱ्हेची मिळतात. गळ्यातला पट्टा हालचाल, खाणं आणि रवंथ दाखवतो. आपल्याकडच्या गोठ्यांना सर्वांत सोयीचा तोच. कानातला टॅग जवळपास तेच काम करतो, पण कान फाटणं आणि जखम चिघळणं हा धोका असतो. पायातला सेन्सर पावलं आणि बसण्या-उठण्याचा वेळ चांगला मोजतो, रवंथ मोजत नाही. पोटात सोडायची गोळी जाळीदार पोटात जाऊन बसते आणि आतलं तापमान सतत कळवते. ताप आणि विण्याची चाहूल यासाठी ती उत्तम, पण एकदा सोडली की परत काढता येत नाही आणि बॅटरी संपली की विषय संपला.

गायी चोवीस तास दावणीला बांधलेल्या असतील तर पावलं मोजणारा सेन्सर घेऊ नका. बांधलेली गाय माजावरही फार चालू शकत नाही, त्यामुळे आलेखात उठाव दिसत नाही. अशा गोठ्यात रवंथ मोजणारा पट्टा आरोग्यासाठी उपयोगी पडतो. माजासाठी मात्र सकाळ-संध्याकाळ किमान तासभर गायी मोकळ्या सोडाव्याच लागतात.

खरेदीआधी विक्रेत्याकडून पाच गोष्टी लिहून घ्या. बॅटरी किती वर्षं चालते आणि बदलता येते का. नेटवर्क गेल्यावर पट्टा किती तासांचा डेटा स्वतःकडे साठवतो. वार्षिक वर्गणी किती आणि ती थांबली तर जुने आकडे दिसतात का. रोजचे आकडे एक्सेलमध्ये उतरवून घेता येतात का. म्हशी असतील तर म्हशींवर यंत्र बसवून तपासलेलं आहे का. म्हशीचा माज बहुधा मुका, म्हणजे बाहेर खुणा न दाखवणारा असतो आणि ती डुंबायला जाते, त्यामुळे गायीसाठी बनवलेली गणितं तिला जशीच्या तशी लागू पडत नाहीत.

बसवताना

पट्टा मानेच्या वरच्या भागात, कानांच्या मागे असावा. डबी कोणत्या बाजूला हवी ते कंपनी सांगते, तीच बाजू सगळ्या गायींना ठेवा. खालचं वजन बरोबर गळ्याखाली लोंबलं पाहिजे, कारण ते डबीला जागेवर धरून ठेवतं. पट्टा आणि मान यांच्यामध्ये सपाट हात जेमतेम सरकावा. त्याहून सैल असेल तर डबी फिरते आणि रवंथ अर्धीच मोजली जाते, घट्ट असेल तर केस जाऊन जखम होते. कालवडींची मान वाढत असते, त्यांचा पट्टा दर महिन्याला तपासा.

कानातला टॅग कानाच्या मधल्या भागात, दोन कूर्चांच्या मधोमध आणि शिरा टाळून मारायचा. चिमटा आणि टॅगची पिन जंतुनाशकात बुडवून घ्या. पावसाळ्यात माश्यांचा जोर असताना हे काम टाळलेलं बरं. पायातला सेन्सर मागच्या पायाला, खुराच्या वरच्या सांध्याच्या वर बांधतात. चिखलाचा थर त्याखाली अडकून कातडी सोलते, म्हणून पावसाळ्यात आठवड्याला एकदा काढून धुवायचा. गोळी मात्र पशुवैद्यकाकडूनच, बोलस-गन (गोळी घशात सोडायची नळी) वापरून, गायीचं डोकं फार वर न उचलता द्यावी.

डेटा गोळा करणारा डबा, ज्याला गेटवे म्हणतात, गोठ्यात चार-पाच मीटर उंचीवर, पत्र्याच्या अगदी खाली न लावता मोकळ्या बाजूला लावा. पत्रा आणि लोखंडी खांब संदेश अडवतात. त्याला इन्व्हर्टर किंवा छोट्या बॅटरीची जोड द्या, नाहीतर रात्रीच्या भारनियमनात नेमका माजाचा वेळ गहाळ होतो. सिमकार्ड घराच्या ओट्यावर कोणतं चालतं ते बघून चालणार नाही, गोठ्यात कोणतं चालतं ते बघून घ्या.

आता सर्वांत कंटाळवाणं आणि सर्वांत महत्त्वाचं काम. प्रत्येक पट्ट्याच्या क्रमांकासमोर गायीचा १२ अंकी कानातला बिल्ला क्रमांक, वेत कितवं, विण्याची तारीख, शेवटच्या माजाची तारीख, शेवटच्या रेतनाची तारीख आणि गाभण तपासणीचा निकाल भरा. या तारखा नसतील तर यंत्राला गाय भाकड आहे, ताजी व्यायलेली आहे की सहा महिन्यांची गाभण आहे हे कळत नाही आणि ते सगळ्यांना एकाच मापाने मोजतं. दोन पट्ट्यांची अदलाबदल झाली तर आजारी गायीऐवजी शेजारच्या गायीला इंजेक्शन पडतं.

बसवल्यावर पहिले सात ते दहा दिवस यंत्र प्रत्येक गायीची स्वतःची सरासरी शिकत असतं. त्या काळातल्या सूचना गंभीरपणे घेऊ नका आणि त्याच आठवड्यात गायींचे गट, गोठा किंवा आहार बदलू नका.

माजाची सूचना आली, आता काय

यंत्र गायीची हालचाल तासा-दोन तासांच्या टप्प्यांत मोजतं आणि तिच्याच गेल्या काही दिवसांच्या त्याच वेळेशी ताडून बघतं. माजावर हालचाल नेहमीच्या दीडपटीपासून कित्येक पटींपर्यंत चढते आणि त्याच वेळी रवंथ उतरते. दोन्ही रेषा एकमेकींच्या उलट दिशेला गेल्या असतील तर माजाची शक्यता पक्की होते. हालचाल चढली पण रवंथ जागच्या जागी आहे, तर आधी दुसरं कारण शोधा.

सूचना आल्यावर सर्वांत आधी आलेख उघडून चढ कुठून सुरू झाला ती वेळ शोधा. मोबाइलवर संदेश येण्याची वेळ आणि माज सुरू होण्याची वेळ एक नसते. यंत्राला खात्री पटायला दोन ते चार तास लागतात, नेटवर्क गेलेलं असेल तर जास्त. रेतनाचा हिशेब चढाच्या सुरुवातीपासून करायचा. संदेशाच्या वेळेपासून मोजलं की रेतनाला उशीर होतो, आणि पट्टे बसवूनही गाभण राहण्याचं प्रमाण न सुधारण्यामागे बऱ्याच ठिकाणी हेच कारण निघतं.

मग तासाभरात गायीजवळ जा. योनीचे ओठ सुजून सैल झालेत का, काचेसारखा पारदर्शक, तुटता न तुटणारा सोट (चिकट स्राव) लोंबतोय का, शेपटीच्या मुळाशी केस विस्कटलेत किंवा दुसऱ्या गायीच्या पायांचा चिखल लागलाय का, सकाळचं दूध नेहमीपेक्षा कमी भरलं का, हे बघा. बसलेली गाय उठल्यावर तिच्या मागच्या जमिनीवर सोट पडलेला सापडतो, तिथेही नजर टाका.

वेळेचं गणित असं. अंडं माज सुरू झाल्यापासून साधारण २४ ते ३२ तासांनी सुटतं. शुक्राणूंना गर्भाशयात तयार व्हायला काही तास लागतात आणि सुटलेलं अंडं फार वेळ टिकत नाही. म्हणून नेहमीच्या रेतमात्रेसाठी चढाच्या सुरुवातीपासून १२ ते १६ तास हा काळ धरा. समजा, चढ रात्री १० वाजता सुरू झाला आणि संदेश १ वाजता आला. रेतन सकाळी १० ते दुपारी २ च्या दरम्यान व्हायला हवं. सकाळी दिसली तर संध्याकाळी आणि संध्याकाळी दिसली तर सकाळी, हा जुना नियम आपल्याला सुरुवात ठाऊक नसायची म्हणून होता. इथे सुरुवात ठाऊक आहे, तिचा फायदा घ्या. लिंगनिश्चित रेतमात्रेत (जिच्यातून मुख्यतः कालवडीच जन्मतात) शुक्राणूंची संख्या कमी आणि आयुष्य थोडं असतं, त्यामुळे ती जरा उशिरा, १६ ते २४ तासांच्या दरम्यान वापरतात. अशी मात्रा पक्का, स्वच्छ माज असलेल्या गायीलाच द्या. संशयाच्या सूचनेवर ती खर्च करू नका.

रेतन करणाऱ्यांना रात्रीच निरोप जाईल अशी व्यवस्था करा. सकाळी नऊला फोन केला आणि ते दुपारी चारला आले, तर पट्ट्याने कमावलेले तास तिथेच गेले.

सूचना आणि गाय यांचा मेळ बसत नाही तेव्हा पुढच्या बाबी लक्षात ठेवा. सोट गढूळ, पिवळट किंवा पूमिश्रित असेल तर त्या माजात रेतन करू नका, गर्भाशयाचा उपचार आधी. रेतन झालेल्या गायीला १८ ते २४ दिवसांनी सूचना आली तर ती उलटली आहे, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर आली आहे. तपासून पुन्हा भरवा. रेतनानंतर सात-आठ दिवसांतच सूचना आली तर आधीची सूचना चुकीची होती की अंडाशयात पुटी आहे हे पशुवैद्यकाकडून बघून घ्या. ३५ ते ४५ दिवसांनी उलटणाऱ्या गायी वाढल्या असतील तर गर्भ राहून गळतोय ही शक्यता धरा. आणि गाभण ठरलेल्या गायीला सूचना आली तर? काही गाभण गायी खरोखर माजाची लक्षणं दाखवतात. तिच्या गर्भाशयमुखातून रेतनाची नळी गेली तर गर्भ जाऊ शकतो. म्हणून अशा वेळी आधी नोंदवही, मग गर्भतपासणी, त्याशिवाय नळीला हात नाही.

माजानंतर एक ते तीन दिवसांत शेपटीला रक्ताचा डाग दिसला तर माज होऊन गेला एवढाच त्याचा अर्थ. गाभण राहिली की नाही हे त्यावरून ठरत नाही. सूचना न येता असा डाग दिसला, तर तो हुकलेला माज म्हणून नोंदवा आणि सतराव्या दिवसापासून त्या गायीच्या आलेखावर रोज नजर ठेवा.

मुका माज शोधायची एक पद्धत फार उपयोगी आहे, पण ॲप ती आपणहून सुचवेलच असं नाही. व्यायल्यावर ५० दिवस उलटलेल्या, अजून न भरवलेल्या गायींची यादी काढा. प्रत्येकीच्या मागच्या माजाच्या किंवा डागाच्या तारखेत १८ ते २४ दिवस मिळवा. त्या सात दिवसांत सूचनेच्या उंबरठ्याखाली राहिलेला छोटा चढ आणि त्याच तासांत रवंथीतली छोटी घट दिसते का, ते हाताने तपासा. दिसली तर गाय पशुवैद्यकाला दाखवा. एप्रिल-मेमध्ये सोलापूर, अहिल्यानगरच्या उन्हात, आणि लंगडणाऱ्या गायींत, बरेच माज असे उंबरठ्याखालीच राहतात. ६० दिवसांपर्यंत एकही चढ नसेल तर वाट पाहू नका. अंडाशय, गर्भाशय, अंगावरचं मांस आणि खनिज मिश्रण हे सगळं तपासण्याची ती वेळ आहे.

रवंथ: आजाराची पहिली खबर

चांगल्या आहारावरची दुभती गाय दिवसात साधारण ४५० ते ५५० मिनिटं रवंथ करते. पण ४५० च्या खाली गेली म्हणून आजारी, असं धरू नका. एखादी गाय कायम ४१० वर ठणठणीत असते आणि एखादी ५६० वरून ४६० वर आली तर तिचं काहीतरी बिनसलेलं असतं. तुलना प्रत्येक गायीची तिच्याशीच.

ॲपच्या सूचनांवर विसंबायचं नसेल तर एक साधा तक्ता करा. गेल्या सात दिवसांची रवंथ बेरीज करून सातने भागा, आजचा आकडा त्यात घेऊ नका. आजच्या आकड्याला या सरासरीने भागून शंभरने गुणा. उदाहरणार्थ, सात दिवस ४८५, ५०२, ४७८, ४९५, ४९०, ४८८, ४९२. बेरीज ३,४३०, सरासरी ४९०. आज ३७२ मिनिटं. म्हणजे ७६ टक्के. ८० टक्क्यांच्या खाली गेलेल्या गायीला त्याच धारेच्या वेळी हात लावून तपासा. ७० च्या खाली असेल तर डॉक्टरांना फोन करा, आणि तपासणी चालू ठेवा. माजाच्या दिवशी होणारी घट एका दिवसात भरून निघते, आजाराची निघत नाही.

तपासणीचा क्रम ठरलेला असू द्या, म्हणजे घाईत काही सुटत नाही. आधी थर्मामीटर: गुदद्वारात दोन-तीन मिनिटं, पारा साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असावा. १०३ च्या वर ताप. मग कास: चारही सडांच्या पहिल्या धारा काळ्या ताटलीत घेऊन गाठी, पाणी, रक्त बघा आणि प्रत्येक सडाचं दोन-तीन मिलिलिटर दूध तेवढ्याच सीएमटी (कासदाह तपासायच्या चाचणीच्या) द्रावणात फिरवा, घट्ट झालं तर दगडीची (कासदाहाची) सुरुवात. मग डावी भकाळी: मूठ दाबून धरा, दोन मिनिटांत पोटाची दोन-तीन आंदोलनं हाताला लागली पाहिजेत. शेण पातळ, बुळबुळीत, न पचलेल्या दाण्यांचं की घट्ट. गाय ताजी व्यायलेली असेल तर मागचा स्राव आणि त्याचा वास. शेवटी चाल आणि खुरं.

आलेखाच्या उताराचा आकारही पुष्कळ सांगतो. एका दिवसात धाडकन घसरण आणि ताप असेल तर गोचीड ताप, तिवा (तीन दिवसांचा ताप), लम्पी किंवा तीव्र कासदाह डोळ्यासमोर ठेवा. गोचीड तापात खांद्यापुढची आणि मागच्या पायाच्या वरची गाठ सुजते; थायलेरिया या गोचीड तापाच्या प्रकारात संकरित गायी झपाट्याने खालावतात, त्यामुळे रक्ताची काचपट्टी त्याच दिवशी गेली पाहिजे. तिव्यात गिळायची ताकद कमी होते, म्हणून तोंडातून औषध पाजू नका, ते फुप्फुसात जातं. व्यायल्यानंतरच्या पहिल्या महिन्यात ताप नसताना दोन-तीन दिवस रवंथ हळूहळू पायऱ्या उतरत असेल तर कितनबाधा किंवा चौथं पोट सरकणं. रक्तातला बीएचबीए (एक कीटोन) १.२ मिलिमोल प्रति लिटर किंवा त्याहून वर आला तर कितनबाधा आहे, लक्षणं दिसत नसली तरी. उपचारात प्रोपिलीन ग्लायकोल तोंडावाटे देतात, नेहमीचं प्रमाण दिवसाला ३०० मिलिलिटर, तीन ते पाच दिवस. तुमच्या गायीसाठी मात्रा डॉक्टर ठरवतील.

विण्याच्या आसपास रवंथ आणि हालचाल दोन्ही जवळपास शून्यावर आली, कान गार पडले, गाय मान कुशीवर टाकून बसली, तर तो दुग्धज्वर. तो बहुधा व्यायल्यापासून ७२ तासांत येतो. शिरेतून कॅल्शियम सावकाश द्यावं लागतं आणि ते डॉक्टरांचंच काम आहे. जोरात गेलं तर हृदय थांबतं. बसलेल्या गायीला तोंडाने काही पाजू नका.

उपचार सुरू झाल्यावर आलेख बंद करू नका. औषध लागू पडत असेल तर रवंथ २४ ते ४८ तासांत वर वळते, बहुतेक वेळा दूध वाढायच्या आधी. वळली नाही तर निदान पुन्हा तपासा, तेच प्रतिजैविक आणखी तीन दिवस रेटू नका. प्रतिजैविक दिलेल्या गायीचं दूध सांगितलेल्या मुदतीपर्यंत डेअरीत घालायचं नाही, तीही तारीख त्याच नोंदीत लिहा.

आकड्यांत न दिसणारे आजारही आहेत. लपलेला कासदाह, ज्यात दूध वरून ठीक दिसतं, तो रवंथीवर उमटत नाही. महिन्यातून एकदा सगळ्या गायींची सीएमटी चाचणी पट्टा असला तरी करावीच लागते. सुरुवातीचं लंगडणंही पट्ट्यावर उशिरा दिसतं.

एक गाय की सगळा गोठा

रोज सकाळी सूचना बघण्याआधी सगळ्या गायींची मिळून सरासरी बघा. एक गाय घसरली असेल तर गायीकडे जा. सगळ्या एकदम घसरल्या असतील तर गव्हाणीकडे जा, किंवा गेटवेकडे.

गव्हाणीतली नेहमीची कारणं अशी. मुरघासाचा नवा खड्डा उघडला आणि तो बुरशीचा निघाला. कडबाकुट्टीची पाती बदलल्याने कुट्टी पिठासारखी बारीक झाली. मुरघासाचा तुकडा दीड-दोन सेंटीमीटरचा हवा. पेंड वाढवली आणि कोरडा चारा कमी पडला. तसं असेल तर रवंथीबरोबर एक-दोन दिवसांत डेअरीतल्या पावतीवर फॅट उतरतं आणि शेण पातळ होतं. तीनही खुणा जुळल्या तर पोटात आम्लता वाढते आहे. पेंड एकदम न देता दिवसात तीन-चार वेळा विभागा, कडबा किंवा वाळलेलं गवत आधी द्या.

उन्हाळ्यात सामूहिक घसरणीचं कारण बहुधा उष्णता असतं. तिचा निर्देशांक घरीच काढता येतो. तापमान सेल्सिअसमध्ये घेऊन १.८ ने गुणा आणि ३२ मिळवा, हा पहिला आकडा. आर्द्रतेच्या टक्क्याला ०.००५५ ने गुणून ०.५५ मधून वजा करा, हा दुसरा. तापमान गुणिले १.८ वजा २६, हा तिसरा. दुसरा आणि तिसरा गुणून पहिल्यातून वजा करा. ३२ अंश आणि ६० टक्के आर्द्रतेला ८९.६ वजा ६.९५, म्हणजे सुमारे ८२.६ येतो. जास्त दुधाच्या गायींना ७२ च्या आसपासच ताण सुरू होतो, काहींना त्याआधीही. म्हणून कोल्हापूर-सांगलीचा जूनमधला दमट ३२ अंशांचा दिवस विदर्भातल्या तेवढ्याच तापमानाच्या कोरड्या दिवसापेक्षा गायीला जास्त जाचतो. थंडाव्यासाठी नुसते फॉगर लावू नका. अंग भिजेल इतकं पाणी एक-दोन मिनिटं, मग पंखा, दर पंधरा मिनिटांनी पुन्हा. खुराकाचा मोठा वाटा रात्री आणि पहाटे द्या. दुसऱ्या दिवशीची सामूहिक रवंथ वर आली की उपाय पुरेसा पडतोय हे कळतं.

विण्याआधी तीन आठवडे, नंतर तीन आठवडे

वेळ कमी असेल आणि एकाच गटाकडे बघायचं असेल, तर या गटाकडे बघा. गाभणकाळ सुमारे २८० दिवसांचा, आटवणं विण्याच्या ६० दिवस आधी. अपेक्षित तारखेच्या २१ दिवस आधी गायीचा पट्टा घट्टपणा बघून नीट करा आणि तिची त्या वेळची रवंथ लिहून ठेवा. पुढे हाच आकडा मापदंड आहे.

विण्याच्या आधीच्या दिवसभरात रवंथ ठळकपणे उतरते आणि ऊठबस वाढते. पोटात गोळी असेल तर तापमानही सुमारे अर्धा अंश सेल्सिअस खाली आलेलं दिसतं. अशा रात्री गाय वेगळ्या, कोरड्या जागी घ्या. व्यायल्यावर रवंथ रोज चढली पाहिजे आणि पाच ते सात दिवसांत आधीच्या पातळीच्या आसपास पोचली पाहिजे. तिसऱ्या दिवशीही ती ३०० मिनिटांच्या खाली रेंगाळत असेल तर गाय खाताना दिसली तरी फसू नका. ताप, गर्भाशयाचा वास, कीटोन पट्टी, कास हा क्रम लावा. वार २४ तासांत पडली नसेल तर ती ओढून काढायची नाही. तापाकडे आणि रवंथीकडे बघत डॉक्टरांच्या सल्ल्याने चालायचं. या तीन आठवड्यांत ज्या गायीची रवंथ सावकाश चढते, तीच पुढे बहुधा ५०-६० दिवसांवर माज न दाखवणाऱ्या यादीत येते. आरोग्य आणि प्रजनन हे दोन वेगळे विषय म्हणून बघितले की हा धागा हातातून सुटतो.

खोट्या सूचना आणि गहाळ आकडे

गट बदलला, नवी गाय आणली, लसीकरण झालं, खुरं साळली, मोकाट कुत्रं रात्री शिरलं, दिवाळीत शेजारी फटाके वाजले: या सगळ्यांनी हालचाल चढते. अशा दिवशी अनेक गायींना एकाच तासाला चढ दिसतो, हीच खूण. माज असा सामुदायिक येत नाही (माज एकत्र आणणारी इंजेक्शनं दिली असतील तर गोष्ट वेगळी). म्हणून गोठ्यातली प्रत्येक गडबड भिंतीवरच्या दिनदर्शिकेत वेळेसकट लिहा.

शून्य आणि रिकामी जागा यांत फरक करा. रिकामी जागा म्हणजे डेटा पोचला नाही: गेटवे, वीज, नेटवर्क तपासा. शून्य किंवा अतिशय कमी आकडा, आणि गाय समोर उभी मजेत रवंथ करतेय, म्हणजे डबी फिरली आहे किंवा पट्टा सैल झालाय. पंधरा मिनिटं गायीसमोर घड्याळ घेऊन उभं राहा, रवंथीची मिनिटं मोजा आणि यंत्राच्या आकड्याशी ताडा. तीन महिन्यांतून एकदा चार-पाच गायींवर हे केलं तर यंत्रावर किती भरवसा ठेवायचा हे नेमकं समजतं.

महिन्याचा हिशेब

दर २१ दिवसांच्या टप्प्याला तीन आकडे काढा. समजा, व्यायल्यावर ५० दिवस झालेल्या आणि गाभण नसलेल्या २४ गायी होत्या. त्यांपैकी १५ माजावर सापडल्या आणि भरवल्या: माज सापडण्याचं प्रमाण ६२.५ टक्के. त्या १५ पैकी ६ गाभण निघाल्या: ४० टक्के. एकूण २४ पैकी ६, म्हणजे २५ टक्के. पहिला आकडा कमी असेल तर दोष सूचनांच्या उंबरठ्यात, बांधून ठेवण्यात, लंगडेपणात किंवा उन्हात शोधा. पहिला चांगला आणि दुसरा कमी असेल तर रेतनाची वेळ, रेतमात्रा वितळवण्याची पद्धत (३५ ते ३७ अंशांच्या पाण्यात ३०-४० सेकंद), द्रवनत्राच्या (द्रव नायट्रोजनच्या) पात्राची पातळी आणि गर्भाशयाची तब्येत बघा. गाभण तपासणी सोनोग्राफीने ३० दिवसांनंतर, हाताने ६० दिवसांच्या आसपास करून घ्या. सूचना आली नाही म्हणजे गाभण, असं समजू नका. न उलटलेल्या गायींत माज बंद पडलेल्या गायीही असतात.

प्रत्येक सूचनेसमोर बरोबर, चूक किंवा ठरवता आलं नाही, एवढं एका शब्दात लिहा. दोन महिन्यांत तुमच्या गोठ्यासाठी उंबरठा वर न्यायचा की खाली, हे त्या यादीवरून ठरवता येतं. चुकीच्या सूचना जास्त असतील तर तो थोडा वाढवा. रक्ताचे डाग सापडतात पण सूचना नाही, तर कमी करा. एका वेळी एकच बदल, आणि पुढचे २१ दिवस तसाच ठेवा.

गाय विकली, दगावली किंवा पट्टा दुसरीला बांधला, तर त्याच दिवशी ॲपमध्ये जुनी जोडणी बंद करून नवी तारीख टाका आणि नव्या गायीला पुन्हा सात-दहा दिवस शिकण्याचे द्या.